झाडगावचं घर भाड्याने देताना

आमचं घर रत्नागिरीत झाडगावला आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मागे परसात विहीर आणि सात माड. सासऱ्यांनी बांधलेलं. ते गेल्यावर सासूबाई आमच्याबरोबर मारुती मंदिराजवळच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या आणि २०१३ चा अख्खा पावसाळा घराला कुलूप राहिलं. दसऱ्याच्या आधी साफसफाईला म्हणून गेलो तर दार अर्ध्यावर अडलं. ओलीने फुगलं होतं. खांदा लावून आत शिरलो. सगळीकडे कुबट वास, माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर काळी-हिरवी बुरशी आणि कोठीच्या खोलीत एका वाशाला वाळवीने खालपासून वरपर्यंत मातीची नळी चढवलेली. सासूबाई ओटीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "चूल पेटत नाही त्या घराचं असंच होतं गो."

त्याच दिवशी घर भाड्याने द्यायचं ठरलं. चार पैसे येतील हे होतंच, पण खरी ओढ होती ती घर नांदतं राहावं ही. माझ्या पुढच्या सगळ्या निर्णयांमागे हेच आहे, म्हणून आधी सांगितलं. घरात राहणारा माणूस रोज खिडक्या उघडतो, केर काढतो, दिवा लावतो, कौल सरकलं तर पहिल्या सरीला त्याला कळतं. मुंबईत बसलेल्या मालकाला ते गणपतीत कळतं.

पहिला भाडेकरू २०१४ मध्ये ओळखीतून आला. लहानसा धंदा करणारा, बायको आणि दोन मुलं. "ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?" असं घरात सगळ्यांचंच म्हणणं पडलं. भाडं चार हजार, अनामत दहा हजार रोख. पावती मी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. दोन वर्षं काही त्रास नव्हता. तिसऱ्या वर्षी त्यांचा धंदा बसला. भाडं आधी उशिरा, मग अर्धं, मग बंद. पडवीत थर्माकोलच्या मासळीच्या पेट्या रचल्या गेल्या, त्यांचं पाणी झिरपून पडवीची फरशी निसरडी झाली. पाच महिने थकल्यावर मी एका संध्याकाळी गेले आणि विहिरीचा पंप बंद करीन असं बोलून आले. त्यांची धाकटी मुलगी दारात उभी होती. ते बोलणं माझ्या हातून चुकलं, आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा मलाच थांबवलं. पाणी, वीज, संडासाची वाट, जिन्यावरचा दिवा असल्या जीवनावश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये त्यासाठी वेगळं कलम आहे, २९ वं. भाडं थकलं असलं तरी नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "करार कुठाय?"

करार नव्हता. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं ५५ वं कलम सांगतं की करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीने: नोंदलेला कागद नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे आमच्याकडे तोंडी शब्द होता आणि कायद्याच्या नजरेत तो शब्दसुद्धा त्यांचा होता.

आम्ही तडजोड केली. पाच महिन्यांचं भाडं सोडलं. अनामत परत द्यायची तर ती मी आदल्या वर्षी कौलांवर खर्च करून बसले होते. भिशीतून दहा हजार उचलून दिले. त्यांनी महिन्याभरात घर सोडलं आणि जाताना बायकोने ओटी सारवल्यासारखी लख्ख पुसून दिली. माणसं वाईट नव्हती. काय ठरलं होतं हे दोघांनाही नीट आठवत नव्हतं, आणि त्याचा त्रास त्यांनाही झाला, आम्हालाही.

त्यानंतर कागदाशिवाय किल्ली दिली नाही.

पण कागद करायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न आला की मालक कोण. कोकणात बहुतेक जुनी घरं सामायिक असतात. आमच्याही घरावर नगर परिषदेच्या दप्तरी सासूबाई, आमचे हे आणि बोरिवलीचे धाकटे भाऊजी अशी तीन नावं. पहिल्या वेळी भाऊजींना फोनवर सांगून मोकळे झालो होतो. या वेळी तिघांनीही करारावर यायचं ठरवलं आणि भाडं कुणाच्या खात्यात जमा होणार, दुरुस्तीचा खर्च आधी वजा करून उरलेलं कसं वाटायचं, हे आम्ही घरातल्या घरात वेगळ्या कागदावर लिहिलं. भाऊजींना सुरुवातीला ते जरा लागलं. "आपल्यात कशाला?" म्हणाले. पण पुढे दोन वादळांत छपराचा खर्च निघाला तेव्हा त्याच कागदाने आमच्यात एक शब्दही वाढू दिला नाही. भाडेकरूशी होतात त्याहून जास्त भांडणं भावाभावांत होतात, हे मी आमच्या आळीत पुष्कळ पाहिलंय.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे राहण्याची परवानगी ठरावीक मुदतीची. आमच्याकडे अजून पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात ते खरं नाही. अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवावा लागतोच. दर अकरा महिन्यांनी तोच खटाटोप कशाला, म्हणून आम्ही २०१९ च्या जूनमध्ये चोवीस महिन्यांचा केला. भाडं ६,५००, अनामत २०,०००. मुद्रांक शुल्काचा हिशेब मी स्वतः मांडला होता, कारण एका एजंटाने सगळं मिळून बरीच मोठी रक्कम सांगितली होती. चोवीस महिन्यांचं भाडं १,५६,०००. अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज धरायचं, ते ४,०००. एकूण १,६०,०००. त्याच्या पाव टक्का, म्हणजे ४०० रुपये मुद्रांक. शहरी हद्दीतली नोंदणी फी १,०००. खेड्यातल्या घराला ती ५०० असते. यावर घरी येऊन नोंदणी करून देणाऱ्याची मजुरी. चौदाशे रुपयांत दोन वर्षांची झोप मिळत असेल तर ती महाग म्हणता येणार नाही. खर्च आम्ही आणि भाडेकरूंनी अर्धा-अर्धा केला.

नोंदणी ऑनलाइन झाली. सगळ्यांनी एका जागी येण्याची गरज नव्हती. भाऊजींचा अंगठा बोरिवलीतच घेतला गेला. अडलं ते सासूबाईंपाशी. नोंदणीवाला मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं ते छोटं यंत्र घेऊन संध्याकाळी घरी आला. सासूबाईंचा फोटो झाला, आधार क्रमांक घातला, अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. उजवा, डावा, परत उजवा. जन्मभर भाताची लावणी, जात्यावर दळण, राखेने भांडी. बोटाच्या रेषा कुठे राहणार? त्या कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "अगो, माझ्या रेषा शेतात गेल्या." मुलगा समंजस होता. त्याने कोमट पाणी मागितलं, पाच मिनिटं बोटं बुडवून ठेवायला सांगितली, कोरडी केली, आणि अंगठ्याला किंचित खोबरेल तेल चोळून परत पुसलं. मग त्याने स्वतः त्यांचा अंगठा हलकेच दाबून धरला. सातव्या की आठव्या खेपेला हिरवा दिवा लागला. घरात म्हातारं माणूस मालक असेल तर ही तयारी आधीच करा, आधारचे ठसे अद्ययावत आहेत का ते बघा, आणि नोंदणीवाल्याला घाईच्या वेळी बोलावू नका.

करारात मुदत संपल्यावर काय, हेही आम्ही मोठ्याने वाचून दाखवलं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो, हे २४ वं कलम. ते वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. पण आमचा नवा भाडेकरू मुलगा बँकेत नोकरीला होता, तो म्हणाला, "काकू, वाचा वाचा. आम्ही रोज लोकांना असंच वाचून दाखवतो."

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ते मी त्याच आठवड्यात केलं. फोटो, आधारची प्रत, मूळ गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण. आता ते घरबसल्या ऑनलाइनही होतं. यात कुणी अपमान मानत नाही. नीट सांगितलं की झालं.

कराराइतकंच मला महत्त्वाचं वाटतं ते किल्ली देण्याच्या दिवशी घरातून एकत्र फिरणं. आम्ही दोघी, मी आणि त्या बँकेतल्या मुलाची बायको, खोलीखोलीतून फिरलो आणि मी वहीत लिहीत गेले. माजघर: पंखा एक, चालू, तिसऱ्या गतीवर आवाज करतो. मोरी: नळ दोन, डावा थोडा गळतो, मालक आठ दिवसांत बदलणार. पश्चिमेची खिडकी: एक काच तडकलेली. कोठी: एका वाशाला जुनी वाळवी, औषध मारलेलं. विजेच्या मीटरचा आकडा, तारखेसह, मोबाईलवर फोटो. किल्ल्या किती, कुणाकडे. शेवटी दोघींच्या सह्या. तिने स्वतःहून एक ओळ घालायला लावली: "न्हाणीघराच्या दाराची कडी आतून नीट लागत नाही." ती ओळ मी कधीच लिहिली नसती, कारण मला ते रोजचं झालं होतं. ती कडी त्याच दिवशी बदलली.

कडीवरून आठवलं. समुद्रापासून जवळ घर असेल तर लोखंडाचं काही लावू नका. खारी हवा दोन पावसाळ्यांत बिजागरी खाते. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या पितळेच्या नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या घ्या. आधी महाग वाटतात, पण भाडेकरूच्या दर महिन्याच्या फोनपेक्षा स्वस्त. न्हाणीला पीव्हीसीचं दार. आणि चिऱ्याच्या भिंतीला आतून ऑइल पेंट देऊ नका. मी एकदा दिला होता, दिसायला छान, धुता येतो म्हणून. पुढच्या पावसाळ्यात त्याचे फुगे आले आणि सोलून निघाला, कारण चिरा ओल पितो आणि ती ओल बाहेर पडायला वाट हवी. आता परत चुना.

२०१९ च्या गणपतीत माझी दुसरी चूक उघडी पडली. आमचा गणपती त्याच घरात बसतो, माजघरात, देव्हाऱ्यासमोर. भाडेकरूंना मी ते तोंडी सांगितलं होतं आणि ते आनंदाने हो म्हणाले होते. पण मुंबईहून भाऊजी, त्यांची मुलं, नणंद, तिच्या घरचे अशी चौदा माणसं आली. घरात एकच संडास आणि भाडेकरूच्या बायकोला आठवा महिना. ती काही बोलली नाही. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकायची. मी तिसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि तिला आमच्या ब्लॉकमध्ये घेऊन गेले. ज्या घराचं ती भाडं भरत होती तिथून तिलाच बाहेर पडावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या करारापासून ओटी, माजघर आणि त्याला लागून असलेली एक खोली भाड्यातून वगळली, त्या मानाने भाडं कमी केलं, आणि मागच्या बाजूला भाडेकरूंसाठी वेगळा संडास-न्हाणी बांधली. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या पुढे नेला; चिऱ्याच्या जमिनीत पाणी भराभर झिरपतं, तिथे काटकसर करू नये. कोकणात ज्यांचं मूळ घर आहे त्यांनी गणपती आणि मे महिना या दोन गोष्टींचा विचार करारात लिहूनच ठेवावा.

माडांचंही तेच. सात माडांचे नारळ कुणाचे? पहिल्या भाडेकरूच्या वेळी पडलेला नारळ त्यांचा, काढलेला आमचा असं काहीतरी मोघम होतं आणि त्यावरून कुरबुर व्हायची. आता लिहिलंय: नारळ मालकांचे, पण दर काढणीला भाडेकरूंना दहा नारळ, आणि वर्षातून तीनदा माडावर गडी चढवून सुकलेल्या झावळ्या नि पक्के नारळ उतरवण्याची जबाबदारी मालकाची. हे नारळांपेक्षा डोक्यावर काही पडू नये यासाठी. भाडेकरूची दुचाकी माडाखाली लागते, मुलं तिथेच खेळतात.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे आम्ही ब्लॉकमध्ये अडकलेले आणि झाडगावच्या घरात बँकेतला तो मुलगा, त्याची बायको आणि आठ महिन्यांचं बाळ. आदल्या रात्री त्याचा फोन आला, काय करू? मी सांगितलं की पडवीतलं सगळं सुटं सामान आत घे, माडाखालची गाडी रस्त्यापलीकडे लाव, मेन स्विच बंद कर, आणि बाळाला घेऊन माजघराच्या आतल्या कोपऱ्यात बसा, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. दुपारी फोन लागेना. त्या दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार हे जहाज येऊन रुतलं, इतका समुद्र खवळला होता. संध्याकाळी आमचे हे कसेबसे चालत गेले. एक माड विहिरीवर आडवा, दक्षिणेच्या पाखाची निम्मी कौलं उडालेली, आणि घरातली तिघं सुखरूप. बाळ झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. छपरावर ताडपत्री बांधायची तर दोरी मिळेना, साड्या फाडून बांधली. त्या मुलाने आणि ह्यांनी मिळून परसातली शाबूत कौलं गोळा केली. मी उंबऱ्यावर बसून एकेक कौल वाजवून बघत होते. बोटाच्या पेराने टिचकी मारायची: खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर आत बारीक तडा आहे, ते बाजूला. दोनशेच्या वर कौलं वाजवली असतील. भाडेकरूची बायको बाळाला कडेवर घेऊन मोजत होती. त्या दिवसांत नवी कौलं मिळणं मुश्कील होतं, सगळ्या गावालाच हवी होती, म्हणून हे वाचवलेलं प्रत्येक कौल कामी आलं.

पंचनाम्याला आले तेव्हा आम्ही घराचं नुकसान मालकांच्या नावाने आणि भिजलेल्या गाद्या, कपडे, धान्य हे भाडेकरूंच्या नावाने वेगळं लिहून घ्यायला सांगितलं. इथे नोंदलेला करार पुन्हा उपयोगी पडला. घरात कोण राहतं हे सिद्ध करायला दुसरं काही दाखवावं लागलं नाही. त्या महिन्याचं भाडं आम्ही घेतलं नाही. घर राहण्याजोगं ठेवणं हे कायद्यानेही मालकाचंच काम आहे, आणि छप्पर नसलेल्या घराचं भाडं मागायला माझी जीभ उचलली नसती. पुढच्याच वर्षी १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमची फक्त वीस-बावीस कौलं गेली, कारण छपराच्या कडेच्या दोन ओळी आम्ही तारेने बांधून घेतल्या होत्या.

त्यानंतर घराचा विमा उतरवला. एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे सारख्या अटींची मिळते. वादळ, पूर, आग यांचा त्यात समावेश आहे. फॉर्म भरताना भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलांचं आणि घर भाड्याने दिलेलं आहे, हे तिन्ही स्पष्ट लिहायला लावलं. इमारतीचा विमा मालकाने काढावा, आतल्या सामानाचा भाडेकरूने. हे मी आता प्रत्येकाला सांगते.

बँकेतल्या मुलाची २०२१ मध्ये बदली झाली. त्याने महिन्याची नोटीस दिली, आम्ही तीच २०१९ ची वही घेऊन पुन्हा खोलीखोलीतून फिरलो. एक पंखा जळालेला होता, तो त्यांनी आधीच बदलला होता. भिंतीवर ओलीचे डाग होते. तिने विचारलं, रंगाचे किती कापणार? काहीच नाही. ओल घराची, ती भाडेकरूच्या अनामतीतून पुसू नये. वीस हजार त्याच दिवशी त्याच्या खात्यात टाकले, कारण पहिल्या वेळच्या धड्यानंतर अनामत मी वेगळ्या मुदत ठेवीत ठेवते आणि तिला हात लावत नाही. जो मालक अनामत द्यायला दोन महिने लावतो त्याला पुढचा चांगला भाडेकरू मिळत नाही. रत्नागिरी एवढी मोठी नाही.

मग घराचे दोन भाग केले. पुढे एक कुटुंब, मागे सरकारी रुग्णालयात नोकरी करणारी एक नर्स आणि तिची आई. मीटर एकच ठेवला आणि तिथे पुन्हा अडचण आली. दोन्ही घरांचं मिळून २०५ युनिट व्हायचं. घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, त्यापुढच्या युनिटाचा दर दुपटीच्या आसपास. दोन वेगळे मीटर असते तर पुढच्यांची ११० युनिटं आणि मागच्यांची ९५, म्हणजे महाग दराची फक्त दहाच. एकाच मीटरवर १०५ युनिटं महाग दराने जात होती आणि वर "तुमचा फ्रिज, आमचे फक्त दोन दिवे" ही धुसफूस. मागच्या भागाला वेगळं दार आणि वेगळं स्वयंपाकघर होतं, त्यामुळे कागदपत्रं जोडून दुसरी जोडणी घेतली. वायरिंगसाठी काही हजार गेले. पण त्यानंतर विजेवरून एकही फोन आला नाही. घर दोन कुटुंबांना देणार असाल तर हे आधी करा, नंतर नाही.

पाण्याचंही त्यांना आधी सांगून ठेवते. मे महिन्यात शीळ धरणाची पातळी उतरली की नळाला पाणी कमी येतं, विहीरही तळाला जाते. पंप दिवसातून किती वेळ चालवायचा हे दोन्ही घरांनी मिळून ठरवायचं. पावसाळा सुरू झाला की विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायचं काम माझं.

भाडेकरू निवडताना मी जात, धर्म, मासे खाता का, हे विचारत नाही. आमच्या आळीत विचारणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. मी विचारते ते असं: काम काय, किती माणसं कायम राहणार, आधी कुठे राहत होतात आणि त्या मालकांचा नंबर द्याल का. त्या आधीच्या मालकांना फोन करून मी एकच प्रश्न विचारते, घर सोडताना कसं सोडलं? त्यातून सगळं कळतं. नर्सताईंच्या आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालून गेली." पुढचं काही विचारलं नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. भाडं खात्यात घेते. कुणी रोख दिलंच तर लगेच पावती, पाच हजारांच्या वर असेल तर रेव्हेन्यू तिकीट लावून. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. आयकराच्या हिशेबात वर्षभरात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, मग दुरुस्तीला कमी गेले असोत की जास्त. तिन्ही मालकांच्या हिश्शाप्रमाणे ज्याच्या त्याच्या उत्पन्नात. म्हणून घरपट्टीची पावती वेळच्या वेळी फाडायची. घरात जायचं तर आदल्या दिवशी फोन करून, सोयीची वेळ विचारून. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून मी कधी कुणी नसताना दार उघडलं नाही.

आता आमच्या आळीत दोन-तीन घरांनी पर्यटकांना खोल्या द्यायला सुरुवात केली आहे. शनिवार-रविवारी महिन्याच्या भाड्याचा चौथा हिस्सा सुटतो म्हणतात. मलाही दोघांनी सुचवलं. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या महिन्यांत, त्या खोल्यांना कुलूप असतं. २०१३ चं ते फुगलेलं दार मी विसरलेले नाही.

यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात केली. दोन गडी छपरावर, मी आणि नर्सताई खाली. पन्हळी साफ केल्या, तिथून पानांचा आणि मातीचा दोन घमेली गाळ निघाला. वाशांना वाळवीचं औषध. पश्चिमेच्या पडवीला झड अडवायला पूर्वी झावळ्यांचे झाप बांधायचे, आता हिरवी जाळी आणि त्यावर प्लास्टिक. फुटकी कौलं एकोणीस निघाली. गडी नवी कौलं वर घेण्याआधी टिचकी मारून बघायला लागला, तर नर्सताईंची आई पुढे झाली, "द्या इकडे," म्हणाली आणि पायरीवर बसून एकेक वाजवून बघू लागली. एक तिने भद्द म्हणून बाजूला काढलं. मी वाजवून बघितलं. बरोबर होतं.